तळ्याचा अंगरखा

त्यांच्यासमोर 'अंदाजे' म्हणायची सोय नव्हती. कुणी म्हटलं, "अंदाजे चार वाजले असतील," की ते कोटाच्या खिशातलं घड्याळ काढून त्या माणसाच्या नाकासमोर धरायचे आणि परत ठेवून द्यायचे. स्वयंपाकघरातल्या मावशी एकदा म्हणाल्या, "डाळीत मीठ अंदाजानंच घालतात हो साहेब." तर हे म्हणाले, "म्हणूनच मंगळवारी खारट होती." आणि मंगळवारी खारट होती, हे मावशींनाही ठाऊक होतं.

वय साठीच्या पुढे. बारीक अंगकाठी. भर उन्हाळ्यातही गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, आणि दुसऱ्यांच्या खिशाला पेन असतं तशी ह्यांच्या वरच्या खिशाला पोलादी फूटपट्टी. उभी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली होती. कालव्याच्या पाण्याची पातळी रोज वाचायची आणि वहीत लिहायची, एवढंच काम. पेन्शनीत निघाल्यावर आमच्या आरोग्यधामात पाण्याची व्यवस्था बघायला आले. सगळे त्यांना पाणीसाहेब म्हणत. आमच्या म्हणते खरी, पण मी तिथली कुणीच नव्हते. माझा नवरा तिथे क्षयाचा पेशंट होता आणि त्याची खाट फुकटातली होती. ती खाट टिकावी, एवढ्यासाठी मी तिथे दोन वर्षं जीव मुठीत धरून राहिले. बाकी जे काही सांगते आहे ते त्या खाटेच्या आजूबाजूचं आहे.

ही गोष्ट साठ सालच्या आगेमागेची. पौड मागे टाकून मुळशीकडे निघालं की डोंगराच्या खांद्यावर ते आरोग्यधाम दिसायचं. ऐंशी खाटा, एक डॉक्टर, एक मॅनेजर, आणि सगळ्यांच्या वर, माथ्याजवळ, एक तळं. पावसाळ्यात डोंगरावरून वाहून येणारं पाणी त्यात साठायचं आणि तेच पुढच्या पावसापर्यंत पुरवायचं. खाली धरणाचं पाणी मैलोगणती पसरलेलं दिसे. नवीन पेशंट खाटेवर उठून बसला की ते बघून म्हणायचा, इथे पाण्याला काय तोटा. पण ते पाणी पार खाली, ते वर चढवायला आमच्याकडे पंप नव्हता, आणि बैलगाडीत पिंपं घालून आणायचं तर निम्मं वाटेतच सांडायचं.

माझं माहेर-सासर दोन्ही भंडाऱ्याकडचं. चौथी झाली आणि माझी शाळा सुटली, कारण पाचवीची शाळा नदीपलीकडे होती आणि एका मुलीसाठी रोज नाव कोण थांबवणार. नवरा पुण्यात एका छापखान्यात खिळे जुळवायचा. खोकल्यात रक्त पडलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि आम्ही इथे आलो. नवऱ्याला आत घेतलं. मला मॅनेजर साहेबांनी सांगितलं, "पेशंटजवळ नातेवाइकांना राहता येत नाही. तुम्ही गावी जा. पत्र पाठवत जाऊ."

गाव दोन रात्री आणि एक दिवसाच्या अंतरावर. मी बाहेरच्या पायऱ्यांवर बसले. वळकटीचा पट्टा उसवला होता तो शिवायला घेतला, कारण हाताला दुसरं काही नव्हतं आणि रडायची लाज वाटत होती. तेवढ्यात वरून कुणीतरी उतरत आलं आणि माझ्यापुढे थांबलं. माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. वाकून शिवणीवर पट्टी ठेवली.

"इंचाला नऊ टाके," ते म्हणाले. पट्टी पुढे सरकवली. "इथेही नऊ. इथेही. कुणी शिकवलं?"

"आईनं जी."

"मशीनवर?"

"मशीन कुठली? हातानंच."

"गाव?"

मी सांगितलं. तर म्हणाले, "तिकडे तळी फार. तुमच्या गावात किती?"

"लय हायेत जी."

"लय म्हणजे किती?"

मी डोळे मिटून मोजली. "सहा. एक फुटलं, आता पाच."

"मग पाच सांगावं," असं म्हणून ते मला मॅनेजर साहेबांच्या खोलीत घेऊन गेले. "फाटक्या चादरी शिवायला पुण्याला पाठवता. ही बाई ठेवून घ्या."

"ही पेशंटची बायको आहे. नियम माहीत आहे ना तुम्हांला?"

"नियम नातेवाइकांचा आहे. शिवणारीचा नाही."

अशी मी कपड्यांच्या खोलीत लागले आणि मावशींच्या खोलीत झोपू लागले. त्या दिवसापासून मी पाणीसाहेबांची ऋणी, आणि त्याच दिवसापासून घाबरलेली. मॅनेजर साहेबांची चप्पल वाजली तरी माझी सुई बोटात जायची. चूक झाली तर मला जावं लागेल, मी गेले की नवरा एकटा पडेल, आणि फुकटच्या खाटेवर हक्क कसला? ती कुणाच्याही मनात आलं की रिकामी होऊ शकत होती.

तळ्याच्या काठावर त्यांनी एक पितळी परात ठेवली होती. परातीच्या आत खिळ्याने ओढलेली एक खूण. रोज सकाळी सातला त्या खुणेपासून परातीतलं पाणी उन्हाने किती खाली गेलं ते पट्टीने बघायचं, वहीत लिहायचं, परात पुन्हा खुणेपर्यंत भरायची. माप सुतात. इंचाची आठ सुतं. थंडीत दीड सूत, चैत्रात अडीच, वारा असला तर तीन. वाटेत जो भेटेल त्याला ते आकडा सांगायचे. त्याने विचारलं असो की नसो. नमस्काराच्या ऐवजी म्हणायचे, "अडीच सूत."

एकदा परातीत कावळा पाणी पिताना दिसला. झालं. कावळा एका वेळी किती पितो हे कळल्याशिवाय त्या दिवसाचा आकडा खरा कसा मानायचा? दोन दिवस ते स्वयंपाकघराच्या मागे वाटीत मोजून पाणी ठेवून कावळ्याची वाट बघत बसले. कावळा आला नाही. शेवटी परातीवर मच्छरदाणीचा तुकडा बांधला आणि वहीत त्या दिवसापुढे लिहिलं, 'कावळा. आकडा रद्द.'

पण वेड्यासारखा दिसणारा हा माणूस जे सांगत होता ते साधं होतं. "ऐंशी खाटांना दिवसाला जेवढं पाणी लागतं," ते म्हणायचे, "तेवढंच ऊन पिऊन जातं. आणि ऊन आजारी नाही." दर वर्षी वैशाख संपता संपता तळं तळाला जायचं. पेशंटना आंघोळ आठवड्यातून एकदा, भांडी राखेने पुसून. डॉक्टर म्हणायचे, ह्या दिवसांत माझे बरे होत आलेले पेशंट पुन्हा पडतात. पाणीसाहेबांचा उपाय एकच होता: पाण्यावर ऊन पडूच द्यायचं नाही. तळं झाकायचं.

"तळ्याचं माप घ्या," एक दिवस त्यांनी मला सांगितलं.

मला वाटलं थट्टा आहे. पण ते थट्टा करत नसत. मी सुतळीचा गुंडा घेऊन काठाकाठाने फिरले. साठ हात लांब, पन्नास रुंद. ह्या गिऱ्हाइकाला अंगरखा शिवायचा होता. भुसार बाजारातून गोणपाटाची पोती आली. त्यांची शिवण उसवायची, जवसाच्या तेलात राळ घालून कढवलेलं मिश्रण त्यांना दोन्हीकडून पाजायचं, कडक वाळवायचं, मग दाभणाने आणि सुतळीने एकाला एक जोडायचं. कडेला बांबू. खाली तुपाचे रिकामे पत्र्याचे डबे, तोंडाला कथलाचा डाग देऊन बंद केलेले, म्हणजे तरंगेल. वाडीवरच्या दोन बायका हाताखाली होत्या, पण शिवण माझी. कार्तिकात सुरू केलं ते माघापर्यंत. दाभणाने माझ्या तळहाताला घट्टे पडले, ते अजून आहेत.

खालच्या वाडीचा कोंडिबा धनगर शेळ्या घेऊन वर यायचा आणि काठीवर हनुवटी टेकून बघत राहायचा. "वैनी," एक दिवस म्हणाला, "म्हातारं पान्याला गोधडी शिवतंय म्हनं. थंडी वाजतीया का काय पान्याला?"

पाणीसाहेबांनी मान वर न करता सांगितलं, "थंडी नाही. ऊन लागतं."

"मंग छत्री द्यायची की. माज्या शेरडास्नी बी लागतं ऊन, त्यास्नी न्हाई कुनी काय शिवीत."

"शेळ्या सावलीला जातात. तळ्याला पाय नाहीत."

कोंडिबाने काठीवरून हनुवटी उचलली. "त्ये बी खरंच हाय," म्हणाला, आणि काठी टाकून बांबू बांधायला बसला. पुढे तो रोजच येऊ लागला.

मध्येच काम अडलं. तळं उन्हाळ्यात आटतं, काठ उतरतो, म्हणजे तळ्याचं अंग दर महिन्याला बारीक होत जाणार. माघात बेतलेलं पांघरूण वैशाखात ढगळ होणार, कडेला चिखलात लोळणार, कुजणार. तीन दिवस पाणीसाहेब कुणाला आकडा सांगेनात. मी भीतभीतच म्हटलं, "लहान मुलाच्या झबल्याला असतात तसे बंद लावले तर? पट्टे वेगवेगळे करायचे. लागतील तेवढे एकमेकांना बांधायचे, बाकीचे सोडून ठेवायचे."

त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा सरळ बघितलं. मग वही काढून लिहिलं आणि मला दाखवलं. 'बाईंची सूचना. योग्य.' योग्य म्हणजे त्यांच्या तोंडची सगळ्यांत मोठी शाबासकी. डॉक्टरांनासुद्धा ती मिळाली नव्हती. त्या रात्री नवऱ्याजवळ पाच मिनिटं जायला मिळालं तेव्हा मी त्याला हे सांगितलं, तर तो हसला आणि त्याला खोकला आला, आणि मला वाटलं, कशाला सांगितलं.

पाच हातांचा एक, असे बारा पट्टे. माघ पौर्णिमेला ते पाण्यावर सोडले. पहिले आठ दिवस चहाला जवसाचा वास यायचा. एक दिवस कोंडिबाचं करडू थेट पांघरुणावर चालत तळ्याच्या मध्यापर्यंत गेलं आणि तिथे उभं राहून ओरडू लागलं. कोंडिबा काठावरून शिव्या देतोय, बायका देवाचं नाव घेताहेत. पाणीसाहेबांनी विचारलं, "वजन किती त्याचं?"

"आवो साहेब, बुडंल की त्ये."

"वजन विचारलं."

"धा शेर. परवाच तोललंय."

"छान. दहा शेर पेलतं," असं म्हणून त्यांनी लिहून घेतलं आणि मग दोरीला मूठभर पाला बांधून ती पांघरुणावर फेकली. करडू पाल्यामागे आपल्या पायाने परत आलं.

सगळ्यांना ते पांघरूण आवडलं असं नाही. संध्याकाळी पेशंट तळ्याकाठी बसायचे, त्यांना चकाकणाऱ्या पाण्याची सवय झाली होती. एक मास्तर पेशंट होते ते म्हणाले, "पाणीसाहेब, आमच्या डोळ्यांपुढची तेवढी एकच सुंदर गोष्ट तुम्ही गोणपाटात गुंडाळलीत." ते म्हणाले, "प्यायचं की बघायचं, ते ठरवा." मला तेव्हा ते बोलणं फार कठोर वाटलं. आजही वाटतं. पण त्या वर्षी मृग लागला तेव्हा तळ्यात साडेतीन फूट पाणी शिल्लक होतं. वैशाखात पेशंटना एक दिवसाआड आंघोळ मिळाली. माझ्या नवऱ्याचं वजन सहा पौंड वाढलं. बंद सोडून आम्ही बारा पट्टे वाळवले, घड्या घातल्या आणि पडवीत ठेवले. पाणीसाहेब प्रत्येक घडीवर हात फिरवत होते. मॅनेजर साहेबांनी वार्षिक अहवालात लिहिलं की व्यवस्थापनाच्या दक्षतेमुळे यंदा पाणी पुरलं.

दुसऱ्या वर्षी माघात पट्टे पुन्हा पाण्यावर सोडले, आणि चैत्रात कळलं की मुंबईहून एक मोठे देणगीदार येणार. त्यांच्या स्वर्गवासी पत्नीच्या नावाने नवा वॉर्ड बांधून देतील अशी आशा होती. चहापान तळ्याकाठी ठरलं. मांडव, खुर्च्या, पुण्याहून फोटोवाला.

"पाहुण्यांना पाण्यावर पोती दाखवायची का?" मॅनेजर साहेब म्हणाले. "एक दिवस काढू. दुसऱ्या दिवशी घालू."

"एका दिवसाचं नाही," पाणीसाहेब म्हणाले. "बंद भिजून फुगलेत. सोडायला दोन दिवस, बांधायला तीन. वर ऊन. आणि ओढून काढलं तर फाटेल."

मॅनेजर साहेब वाद घालणारे नव्हते. त्यांनी "बरं" म्हटलं, आणि पाहुणे यायच्या दिवशी पहाटेच्या गाडीने पाणीसाहेबांना पुण्याला नळाचा एक सुटा भाग आणायला पाठवलं. ते गेले आणि आठ गडी वर चढले. मी कपड्यांच्या खोलीच्या खिडकीतून बघितलं. त्यांनी बंद सोडले नाहीत. एका कडेच्या बांबूला दोर लावला आणि बाराच्या बारा पट्टे एकदम ओढायला लागले.

मी धावत वर गेले. म्हटलं, "अहो, सोडून काढा, मी सोडते, मला येतं सोडता." मॅनेजर साहेब म्हणाले, "बाई, तुमचं काम खाली आहे." मी खाली आले. ह्याच्याहून जास्त मी काही केलं नाही हेही इथे लिहिते. वरून फाटल्याचा आवाज येत होता. नवं कापड फाटताना चर्र होतं. हे तसं नव्हतं. ओलं, जाड, थांबून थांबून.

पाहुणे आले. ऊन डोळ्यांवर येतं म्हणून त्यांनी खुर्ची फिरवून घेतली आणि तळ्याकडे पाठ करून चहा घेतला. वॉर्ड त्यांनी दुसऱ्या कुठल्या संस्थेला दिला असं पुढे कळलं.

दुपारच्या गाडीने पाणीसाहेब परत आले. हातात कागदात गुंडाळलेला तो नळाचा भाग. काठावर चिखलात फाटलेल्या पट्ट्यांचा ढीग पडला होता, डबे चेपले होते. आता हे ओरडतील, असं मला वाटलं. निदान कोट काढून फेकतील. ते परातीपाशी गेले, पट्टी बुडवली, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "सातला मी नव्हतो. आजचा आकडा राहिला."

चार पट्टे तेवढे शिवण्यासारखे निघाले. मी शिवले. चार पट्ट्यांनी त्या उन्हात काय होणार? पाणीसाहेबांनी स्वयंपाकघराबाहेरच्या फळ्यावर रोज एक आकडा लिहायला सुरुवात केली: पाणी अजून किती दिवस. तीस. एकोणतीस. मग एका दिवसात सत्तावीस, कारण वारा सुटला होता. मॅनेजर साहेबांनी फळा पुसायला सांगितला, तर ते तोच आकडा कोळशाने भिंतीवर लिहू लागले. वैशाखाच्या मध्यावर आकडा संपला. बैलगाड्या लावल्या, त्या पुरल्या नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं, वीस पेशंटचं पाणी मी भागवू शकतो, बाकीच्यांना घरी पाठवा. मास्तर गेले. खालच्या एसटीपर्यंत ते बसत बसत गेले, आणि श्रावणात त्यांच्या भावाचं पत्र आलं.

वीस कोण, ती यादी मॅनेजर साहेबांच्या हातात होती. माझ्या नवऱ्याचं नाव तिच्यात होतं. मी देवापुढे साखर ठेवली.

मग संस्थेच्या विश्वस्तांची चौकशी लागली, की मागच्या वर्षी पुरलेलं पाणी ह्या वर्षी का पुरलं नाही. त्या चौकशीच्या चार दिवस आधी मॅनेजर साहेबांनी मला बोलावलं. "बाई, बसा," म्हणाले. दोन वर्षांत मला कधी बसा म्हटलं नव्हतं.

"यजमान कसे आहेत? डॉक्टर म्हणतात अजून सहा महिने तरी इथे हवेत." मी मान हलवली. "विश्वस्त विचारतील, झाकण का काढलं. मी ते आरोग्यासाठी काढलं. पेशंटच्या खाटांवरची बाद झालेली मेणकापडं त्या झाकणात शिवली होती, असं माझ्या कानावर आलंय. पिण्याच्या पाण्यावर. क्षयाच्या पेशंटची. तुम्हीच शिवलंय, तुम्हांलाच माहीत. तसं आपल्या अक्षरात लिहून द्या. परवा सकाळपर्यंत."

बाद मेणकापडं मी स्वतः मोजून, वॉर्डबॉयबरोबर मागच्या खड्ड्यात जाळत होते. तळ्यावरच्या पांघरुणात गोणपाट, जवस, राळ आणि सुतळी ह्यांशिवाय काहीही नव्हतं. हे मॅनेजर साहेबांनाही ठाऊक होतं. मी म्हटलं, "बरं साहेब."

त्यानंतर काय झालं ते सांगायच्या आधी पुढचं सांगून टाकते. विश्वस्तांनी पाणीसाहेबांना काढलं. ते वळकटी घेऊन उतरले तेव्हा मी कपड्यांच्या खोलीत होते आणि बाहेर आले नाही. कुठे गेले ते कुणी विचारलं नाही. कोंडिबाने विचारलं, तर "खाली" एवढंच म्हणाले. नंतर कोंडिबा शेळ्या घेऊन वर यायचा बंद झाला. वाटेत भेटला तर मला वैनी म्हणायचा नाही, बाजूने निघून जायचा. पितळी परात स्वयंपाकघरात आली आणि मावशी तिच्यात कणीक मळू लागल्या. कणीक काढून परात धुतली की आतली ती खूण दिसायची. माझा नवरा बरा झाला. पुढे सव्वीस वर्षं जगला, पोरं झाली, छापखान्यात फोरमन झाला. पाणीसाहेब का गेले, असं त्याने मला एकदाच विचारलं. मी म्हटलं, वय झालं होतं.

तर तो कागद. मी तो लिहिला. चौथीच्या अक्षरात, तीनदा शाई सांडून. आणि मला काय झालं कोण जाणे, दुसऱ्या दिवशी दुपारी मी तो घेऊन तळ्यावर गेले. क्षमा मागायला गेले होते, की त्यांनी तो फाडून टाकावा म्हणून गेले होते, ते मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. तळ्यात चिखल राहिला होता. ते परातीवरची मच्छरदाणी झटकत होते. मोजण्यासारखं काही उरलं नव्हतं तरी परात भरलेली होती.

मी कागद पुढे केला. त्यांनी पट्टी काढली आणि ओळीखाली धरून वाचू लागले, लहान मुलं वाचतात तसं, एकेक ओळ.

"'मेणकापडे वापरण्यात आली होती,'" त्यांनी वाचलं. "किती?"

"काय किती?"

"मेणकापडं किती? आकडा नाही."

"साहेब, तुम्हांला तर माहीत..."

"मला माहीत आहे. विश्वस्तांना नाही. त्यांच्यात एक वकील आहे, तो पहिलं हेच विचारील. तुम्ही अडखळाल. अडखळलात की कागद खोटा, आणि कागद खोटा ठरला की हा मॅनेजर पहिली कुणाची खाट काढेल?" ते पट्टीने कागदाची कड सरळ करत होते. "गेल्या साली मेणकापडं बाद किती झाली?"

"एकोणीस."

"मग सतरा लिहा. एकोणीस लिहिलीत तर सगळीच लावली असं होईल, ते कुणाला पटत नाही. दोन जळाली असू द्यात." कागद माझ्या हातात परत देताना ते थांबले. "सतरा. विसरणार नाही ना?"

मी रडायला लागले. ते म्हणाले, "रडू नका, शाई पसरेल," आणि परातीकडे वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कागद मॅनेजर साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला. एका ठिकाणी बोट थांबलं. त्यांना एवढ्या नेमकेपणाची अपेक्षा नव्हती.

"सतरा? नक्की ना बाई? की अंदाजे?"

"अंदाजे नाही साहेब," मी म्हटलं. "मोजून शिवलीत."